कल्चर पाठवलं का?

1980 च्या दशकातल्या सरकारी रुग्णालयात अँटिबायोटिक्सची यादी फार लांब नव्हती. पेनिसिलिन, अँपिसिलिन, जेंटामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, मेट्रोनिडाझोल. उकळलेल्या काचेच्या सिरिंजा, पेनिसिलिनचा टेस्ट डोस, ट्रे घेऊन वेळेवर येणाऱ्या सिस्टर. 1954 साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा आम्हा तरुण डॉक्टरांना अभिमान वाटायचा.

राऊंडला आमचे वरिष्ठ सर केसपेपर हातात घेत आणि पहिलंच विचारत, “कल्चर पाठवलं का?” म्हणजे जंतू वाढवून ओळखायला नमुना प्रयोगशाळेत गेला का. नाही म्हटलं की पुढचं बोलणं थांबे. रिपोर्टला तीन-चार दिवस लागत. तोवर ताप, नाडी, लघवी पाहत रुग्णाजवळ राहायचं. रिपोर्ट आला की औषध बदलायचं, आणि जमेल तितकं साध्या औषधावर आणायचं. सर त्यालाच खरं कौशल्य मानत.

कोलिस्टिन तेव्हा आम्हाला फक्त पुस्तकात भेटलं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेलं हे औषध मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून 1970 च्या दशकात जवळपास बाजूला पडलं होतं. परीक्षेपुरतं वाचायचं आणि विसरायचं. पुढे हेच औषध आयसीयूत रोज लिहिलं जाईल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ते दिवस मला प्रिय आहेत, पण त्यांत सगळं चांगलं नव्हतं. हाताशी औषध नाही म्हणून आमच्यासमोर माणसं गेली. 1990 च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड आला, तेव्हा नव्या औषधांनीच आम्हाला तारलं. पुढे इतर जंतूंसाठी इमिपेनेम, मेरोपेनेम, लाइनझोलिड ही नावंही आम्ही कृतज्ञतेनं शिकलो.

आज आयसीयूतला तक्ता पाहिला की मेरोपेनेम पहिल्याच दिवशी दिसतं, आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही की कोलिस्टिन. ‘हायर अँटिबायोटिक’ हा तर रोजचा शब्द झालाय. नातेवाईकही कळवळून सांगतात, “डॉक्टर, भारीतलं इंजेक्शन द्या, पैशांचं आम्ही बघतो.” डॉक्टरांची भीतीही खोटी नाही. 2010 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणाऱ्या 24 जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 22 मध्ये ही औषधं निकामी करणारं एनडीएम-1 हे जनुक सापडलं. असे जंतू फिरत असताना गंभीर रुग्णाला साध्या औषधावर ठेवायला धीर लागतो. पण भीतीपोटी दिलेल्या प्रत्येक जादा डोसातून तगून राहिलेला जंतू शेजारच्या खाटेवर पोचू शकतो.

2021-22 मध्ये देशातल्या 20 मोठ्या रुग्णालयांची केंद्रीय पाहणी झाली. 71.9 टक्के रुग्णांना अँटिबायोटिक्स दिलेली होती. उपचार म्हणून ती मिळालेल्यांपैकी नेमका जंतू कळल्यावर औषध दिलेले जेमतेम 6 टक्के. हा आकडा वाचून मला सरांचा राऊंड आठवला आणि फार वाईट वाटलं. कारण आम्हाला जे तीन-चार दिवस मिळत नसे ते आज मोठ्या प्रयोगशाळेत सहज मिळतं. जंतू वाढून आला की त्याची ओळख यंत्र काही मिनिटांत पटवतं.

नियमही आले. 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं आणि मेरोपेनेमसारख्या औषधांच्या विक्रीची नोंद औषध दुकानदाराला तीन वर्षं जपावी लागते. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कोलिस्टिन, लाइनझोलिड राखीव गटात घातली. 2019 मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन देण्यावर भारतानं बंदी आणली. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना विनंती केली, की अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारणही लिहा.

यातलं प्रत्येक पाऊल मोलाचं आहे. तरी औषध ठरतं ते खाटेजवळच. म्हणून राऊंडवर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सोबत हवेत, पहिल्या डोसाआधी रक्त कल्चरला जायला हवं, आणि 48 तासांनी कुणीतरी ज्येष्ठानं विचारायला हवं, की हे औषध अजून कशासाठी चालू आहे? आमच्या सरांकडे औषधं मोजकी होती, पण हे विचारायला ते कधी चुकले नाहीत. आजच्या तरुण डॉक्टरांकडे उत्तर शोधायची साधनं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. विचारायची सवय लावणं हे आम्हा जुन्यांचं काम, आणि ते आम्ही आता टाळता कामा नये.