लोणारचे पाणी आणि इंग्रजीची उत्तरपत्रिका

मेहकर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकविताना माझ्या नित्य प्रत्ययास येई की, उताऱ्याचा तक्ता करा, तक्त्यावरून परिच्छेद लिहा, अथवा एकाच घटनेचे वृत्त, पत्र किंवा भाषण तयार करा, असे फर्माविणारे प्रश्न विद्यार्थ्यांस व्याकरणाहूनही दुर्घट वाटतात. गाइडांतील तयार मसुदे मुखोद्गत करून ते परीक्षेस बसत आणि प्रश्नातील मजकूर किंचित बदलला की निराधार होत.

२०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ही वार्ता आमच्या भागात घरोघरी पोहोचली होती. म्हणून टाळेबंदीनंतर शाळा उघडल्यावर तीच घटना मी वर्गापुढे ठेविली. बेसॉल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते उल्काघाती विवर, त्यातील पाणी आटल्याने वाढलेली क्षारता, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रंगाचे कारण म्हणून दाखविलेले हॅलोआर्किया नामक लवणप्रिय सूक्ष्मजीव, एवढा तपशील फळ्यावर लिहून मी सांगितले की, हीच हकीकत प्रथम तहसीलदारांस, नंतर पुण्यातील आतेभावास कळवा. आणि तीही आधी घरच्या बोलीत.

वर्ग बराच वेळ स्तब्ध होता. मग एका कोतवालाची कन्या उठून म्हणाली, “सर, साहेबाले आपल्याले कसं वाटलं ते नाही लागत, कोनी पाह्यलं, कवा पाह्यलं, तेच लागते.” पित्यासोबत पंचनाम्यांची भाषा ऐकत वाढलेल्या त्या मुलीने रूपांतराचे सारे मर्म एका वाक्यात सांगितले होते. मग अर्जातून हर्षविस्मय आपोआप गळाले आणि आतेभावाच्या पत्रात पाण्याचा उग्र दर्पही आला. वृत्तात पाहणाऱ्यापेक्षा पाहिलेली वस्तू प्रधान असते हे उमगल्यावर, ज्या कर्मणी प्रयोगाची वाक्ये मुले आजवर केवळ नियमाने फिरवीत असत, तो प्रयोग त्यांनी इंग्रजी लेखनात आपण होऊन योजिला. तक्त्याला तर अर्धा तासही लागला नाही.

कीर्तन, पंचनामा आणि बाजारातील गप्पा या तिन्हींचे संस्कार घेऊन वऱ्हाडातील मूल शाळेत येते, ही त्याची मोठी पुंजी आहे असे माझे ठाम मत आहे. माझ्या व्यवसायबंधूंना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी गाइडातील मसुदा देण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील एक घटना वर्गाला द्यावी, आणि ती कोण कोणाला सांगत आहे, हे मुलांकडून आधी वदवून घ्यावे.