१९८चा कागद

करंजी घाटात पहिल्यांदा झालं. मी एसटीत कंडक्टर. तिकीट मशीन गळ्यात, गाडी खच्चून भरलेली. सीटखाली घरंगळलेलं नाणं उचलायला वाकले आणि छातीत कुणीतरी बटण दाबलं. धावल्यावर धडधडतं तसं नव्हे. एकसारखं, मोजताच येऊ नये इतकं जलद. वीसेक मिनिटांनी तसंच खट्कन थांबलं.

पुढची ३ वर्षं दवाखाने केले. पोचेपर्यंत ठोके ७२, ईसीजी स्वच्छ. "गॅस आहे." "टेन्शन घेऊ नका ताई." एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या, सासूबाईंनी नजर काढली. बाईची धडधड म्हणजे घाबरटपणा, हे जणू ठरलेलंच. मलाही पटायला लागलं होतं.

नगरच्या एका डॉक्टरांनी मात्र ईसीजी बाजूला सारून विचारलं, "गळ्यात बेडूक उडाल्यासारखं होतं? थांबल्यावर लघवीला फार होते?" दोन्हीला हो! लघवीचं कोण कुणाला सांगतं? ते म्हणाले, "सुरू झालं की जवळ मिळेल तिथे ईसीजी काढा. थांबल्यावरचा काही कामाचा नाही."

पाथर्डीत सापडलं. कागदावर ठोके १९८. तिथल्या डॉक्टरांनी बिनसुईची सिरिंज तोंडात दिली, दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर धरले. ढिम्म. मग कोपराजवळच्या शिरेत ६ मिलिग्रॅम अडेनोसिन, मागोमाग सलाईन, तेही झटक्यात. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं म्हणे. "थोडा वेळ फार वाईट वाटेल," नर्सने सांगितलं. वाईट कसलं, छातीवर कांद्याची गोणी पडली, पडद्यावरची रेघ सपाट झाली, वाटलं, गेलेच. मग एक ठोका. थांबून दुसरा.

विजेचा संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली नेणाऱ्या गाठीपाशी माझ्यात दोन वाटा होत्या. संदेश त्यांतच गरगर फिरायचा. पुण्यात जांघेतून तारा घालून, मला जागी ठेवून, आधी ती धडधड मुद्दाम सुरू केली आणि मग जादा वाट उष्णतेने जाळली. पुन्हा झालेलं नाही.

तो कागद जपायचा म्हणून लॅमिनेशनला दिला, तर मशीनच्या उष्णतेने अख्खा काळा पडला. नशीब, झेरॉक्स काढून ठेवली होती. ती अजून बॅगेत असते.