सभासद

आमच्या कपाटात सातबाऱ्याला लागूनच साखर कारखान्याचा शेअर ठेवलेला असतो. आजोबांनी घेतला, वडिलांच्या नावावर झाला, पुढं वारस नोंदीनं माझ्याकडं आला. लहानपणी शेअर म्हणजे दिवाळीची साखर, एवढंच कळायचं. वडील कार्ड घेऊन गट ऑफिसच्या रांगेत उभे राहायचे. घरी आल्यावर आई पहिली मूठ देवापुढं ठेवायची. दुकानातल्या साखरेला हा मान नव्हता.

उत्तर नगरमध्ये सोयरीक जुळवताना जमीन विचारून झाली की लगेच पुढचा प्रश्न, "ऊस कुठं घालता?" संजीवनी, अशोक, मुळा, संगमनेर... उत्तर आलं की पाहुण्याचं राजकारणही निम्मं कळतं. पुण्यात वसतिगृहावर मीही माझी ओळख अशीच सांगायचो, आधी कारखाना, मग गाव.

या अभिमानाला कारण आहे. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता. जमीन कंपनीच्या ताब्यात, मूळ मालक नुसता खंडकरी. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडूनच भांडवल उभं केलं. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली लोणीला प्रवरेचा कारखाना सुरू झाला. शेअर एक असो की दहा, मत एकच. सावकारापुढं मान खाली घालणारा माणूस मालक म्हणून सभेला बसू लागला. आता त्याच सभेत विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" होतं, तो भाग वेगळा. मीही ओरडतो. सगळे ओरडत असताना गप्प बसणारा लगेच विरोधी गटाचा ठरतो.

आमच्या उसाला तोडणीची टोळी येते ती पाथर्डीकडची. म्हणजे जिल्हा एकच. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात बाई वेगळी धरत नाहीत. तो पाचट काढून ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकवर चढवते. संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या विकते, मग कोपीवर जाऊन चूल पेटवते. साखरेच्या कार्डावर यांचं नाव कधीच नव्हतं, आणि ते का नाही, असं आमच्या कुठल्या सभेत कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

टोळीतली एक बाई बरीच वर्षं आमच्याकडं येते. आली की विचारते, "भाऊ, औंदा काय भाव दिला कारखान्यानं?" मी सांगतो. आगाऊ घेतलेली उचल वजा जाता तिच्या हाती काय उरलं, ते टोळीच्या मुकादमाच्या वहीत असतं. ती वही ना मी पाहिली, ना तिनं.