माहीमची जमीन आणि एक पहार

माहीमच्या जमिनीच्या वरच्या रूपावर जाऊ नये. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी हे एक. एकेकाळी इथल्या नारळीच्या वाड्या नावाजलेल्या होत्या. पुढे मधल्या खाड्या बुजल्या, वाड्या जाऊन चाळी आल्या आणि चाळी जाऊन इमारती. आमच्या इमारतीमागे चार हात रुंदीचा पट्टा तेवढा उरला आहे. त्यात वीतभर माती, खाली विटांचे तुकडे, फुटकी मंगलोरी कौले, शिंपले आणि मग वाळू. गेल्या पावसाळ्यात तिथला जुना माड पडला. त्या जागी नवा लावायचा असे सौभाग्यवतींनी ठरवले. म्हणजे मीही ठरवले! पण कुदळ त्या भरावावरून नुसती टणाटण उडू लागली. हे काम पहारीचे होते.

बाजारात तयार पहार मिळते, पण तिच्या पोटात कसले पोलाद आहे ते दुकानदारालाही सांगता येईना. म्हणून माहीम स्टेशनचा पूल ओलांडून धारावीच्या बाजूला भंगारवाल्यांकडे गेलो.

पहिल्याने पुढे आली बांधकामाची सळई. स्वस्त नि सरळ. पण हल्लीच्या सळईत एक गोम असते. कारखान्यात तापल्या सळईवर पाण्याचा मारा करून तिची साल तेवढी कडक केलेली असते, गाभा मऊच. टोक काढायला भट्टीत घातली की ती सालही मऊ पडते. जस्त चढवलेला नळ तर भट्टीत घालूच नये, त्याचा धूर छातीला बाधतो. एकाने जुन्या कानशीची अणी बसवायला सुचवले. कानशीत कार्बन एक टक्क्याहून अधिक. टणक खरी, पण दगडावर आपटली की काचेसारखी तुटायची, आणि उडालेला तुकडा डोळ्यात गेला तर?

हवे होते मधले पोलाद, ०.४ ते ०.६ टक्के कार्बनचे. ट्रकच्या कमानीची पट्टी याच जातीची, पण चपटी. अखेर मोडीत निघालेल्या यंत्राचा एक गोल शाफ्ट सापडला. लोहारमिस्त्रींनी तो ग्राइंडरला लावला.

"काका, ठिणगी बघा."

मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब रेघांसारख्या जातात; कार्बन वाढला की त्यांना फाटे फुटतात. फुलबाजीत तरी काय, लोखंडाचा कीसच जळतो की! इथे फाटे होते, पण बेताचे. शाफ्ट घेतला: २५ मिलिमीटर जाड, सव्वा मीटर लांब, वजन सुमारे ४.८ किलो.

टोक घडवल्यावर मिस्त्रींनी शेवटचे चार बोटे लाल केले. लोहचुंबक चिकटेनासा झाला तेव्हा तेलात बुडवले. मग टोक घासून लखलखीत केले आणि मागून हलकी आच दिली. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग सरकत आले. निळा टोकाशी पोचताच पुन्हा बुडवले. एवढ्याने टोकाचा ठिसूळपणा जातो, कणखरपणा राहतो. डोक्याला मात्र पाणी पाजले नाही. घण तिथे बसायचा, ते मऊच बरे.

शहरात जमिनीत लोखंड खुपसण्याआधी विजेची केबल आणि गॅसचा नळ कुठून जातो ते विचारून घ्यावे. आम्ही विचारले, आणि खड्डा दोन हात सरकवला.

पहिल्याच दिवशी पहार कौलांतून आणि विटांतून वाळूपर्यंत उतरली. टोकाला खरचटा आला, कपची उडाली नाही. माडाला मीटरभर लांब, रुंद नि खोल खड्डा लागतो, तो निम्मा झाला आहे. रोप पुढच्या पावसाच्या तोंडावर. तोवर पहार रिकामी नाही: टोक वर करून ती रोवली आहे आणि तळमजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकू तिच्यावर फराळाचे नारळ सोलतात.