आधी शेपूट, मग ट्रिम

बरीच वर्षं नवशिक्यांना मी एकच सांगत आलो: विमान उडवा, एका बाजूला ओढत असेल तर ट्रिम फिरवा. शेपूट जरा तिरकं चिकटलं म्हणून काही अडत नाही. दिवसरात्र खपून डेप्रॉन फोमचं रेडिओवर उडणारं विमान बांधलेल्या पोराला मैदानावरून परत टेबलापाशी धाडणं माझ्या जिवावर यायचं. आता मी नेमकं उलटं सांगतो. शेपूट सरळ झाल्याखेरीज विमान हातातून सोडू नका.

मत पालटलं ते एका मुलीच्या ट्रेनरमुळे. मोटर, रडर आणि एलिव्हेटर, एवढंच त्याला. ट्रिम लावल्यावर ते काठी सोडली तरी सरळ जायचं. पण उतरताना तिने एलिव्हेटर ओढला, की नाक उजवीकडे वळायचं आणि पाठोपाठ उजवा पंख खाली जायचा. "काका, माझाच अंगठा तिरका जातोय," ती म्हणायची. रडर आणि एलिव्हेटर एकाच काठीवर असल्याने संशय रास्त होता. म्हणून मी ट्रान्समीटर हातात घेतला. तरी तेच.

विमान सपाट फळीवर ठेवून मागून एक डोळा मिटून पाहिलं. पंखांची दोन्ही टोकं एका उंचीवर, पण आडव्या शेपटीचं उजवं टोक बोटभर खाली. एलिव्हेटर ओढला की हवा शेपटीला खाली दाबते. शेपूट असं कललेलं असेल तर तो दाब निव्वळ खाली राहत नाही, थोडा डावीकडेही ढकलतो. शेपटी डावीकडे, म्हणून नाक उजवीकडे. आणि जितकं जास्त ओढाल तितकं ते जास्त वळतं. ट्रिम मात्र लावला तेवढाच राहतो, तो ह्याला पुरणार कसा?

मला लागलं ते वेगळंच. प्रत्येक ओढीबरोबर थोडा डावा रडर द्यायचा, हे तिच्या बोटांनी आपसूक शिकून घेतलं होतं. सरळ विमानावर हीच सवय तिला नडली असती. नवशिका विमानाकडूनच शिकतो, आणि ते वाकडं असेल तर तोही वाकडंच शिकतो.

दुरुस्तीला संध्याकाळही लागली नाही. हॉट ग्लूच्या कडेला सर्जिकल स्पिरिटचे थेंब सोडले की तो डेप्रॉन न फाटता सुटतो. खाली गेलेल्या बाजूला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी सरकवली, टाचण्या टोचल्या, पुन्हा मागून पाहिलं, आणि मगच अ‍ॅराल्डाइट लावलं. साधं फेविक्विक इथे चालत नाही, ते डेप्रॉन खातं. मग ट्रिम परत मध्यावर.

आता पंख पक्का बसला की मी नाकावर मधोमध टाचणी टोचतो आणि तिला बांधलेला दोरा शेपटीच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणून, शेपूट एका बाजूने मागेपुढे बसलेलं नाही ना, ते पाहतो. इथे दोन-चार मिलिमीटरचा फरक निघाला तर मी फारसा मनावर घेत नाही. उभा फिन मात्र गुण्या लावून काटकोनात आणि नाकाच्या रेषेत हवाच. तो वळलेला राहिला तर कायम थोडा रडर दिल्यासारखं होतं. ते ट्रिमने झाकलं, तर एका बाजूला द्यायला रडर कमी उरतो.

राहिला शेपटीचा पंखाशी असलेला वरखाली कोन. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनोने १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवलं. ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेलं. ना रेडिओ, ना काठी. नाक वरखाली होऊ न देण्याचं काम त्याने पंखाच्या तुलनेत किंचित खाली रोखलेल्या शेपटीवर सोपवलं होतं. त्या कोनाला एवढी किंमत आहे. तो नकाशाप्रमाणेच ठेवावा, डोळ्याच्या अंदाजाने नाही.

ट्रिम मी आजही वापरतो, पण एक-दोन टिकटिकींपुरता. त्याहून जास्त लागला तर विमान खाली. आणि शेपटीला हात लावण्याआधी थ्रॉटल बंद करून विमान तरंगत येऊ द्यावं. तेव्हा सरळ येत असेल आणि थ्रॉटल वाढवल्यावरच डावीकडे झुकत असेल, तर शेपटीचा काही दोष नाही. मोटरच्या डाव्या स्क्रूंखाली वॉशर घालून तिचं तोंड जरासं उजवीकडे वळवावं.