गेटबाहेर काय आहे?

फ्लॅटचं ब्रोशर हातात पडलं की आपण आधी काय बघतो? जिम, स्विमिंग पूल, क्लबहाउस. गेटबाहेर फुटपाथ आहे का, हे कुणी विचारतं? मला तरी हा प्रश्न आईमुळे पडला.

आईचं वय ५४. लग्न झाल्यापासून ती जुन्या पनवेलमध्ये, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहिली. 'एक्सरसाइज' हा शब्द तिच्या डिक्शनरीत नव्हताच. सकाळी भाजी, दुपारी बँक नाहीतर शिंपी, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर वडाळे तलावावर चक्कर. रोजचं तासभर चालणं असंच व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हायवेलगतच्या टॉवरमध्ये शिफ्ट झालो. बारावा मजला, मस्त वारा, बाल्कनीतून डोंगर. एकदम झकास! फक्त गेटबाहेर पाऊल टाकलं की सर्व्हिस रोड, डंपर आणि धूळ. भाजी ॲपवरून येते, बँक मोबाइलमध्ये आहे. आईची चक्कर आता हॉल ते किचन. यंदा रिपोर्ट आला, शुगर बॉर्डरलाइनवर.

डॉक्टर म्हणाले, "रोज चाला." बाबा म्हणाले, "खाली जिम आहे की!" आई चार दिवस ट्रेडमिलवर गेली. पाचव्या दिवशी म्हणाली, "अरे, इतकं चालायचं आणि पोचायचं कुठेच नाही!"

आपण याला सरळ आळस म्हणून मोकळे होतो. पण २०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला होता. १० देशांतल्या १४ शहरांमध्ये प्रौढांच्या कमरेला यंत्र लावून त्यांची हालचाल मोजली गेली. जिथे घरं जवळजवळ आहेत, रस्ते एकमेकांना मिळतात, बस-ट्रेन हाताशी आहे आणि बागा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तिथली माणसं आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटं जास्त हालचाल करत होती. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे जवळपास निम्म्या कोट्याचा फरक नुसत्या पत्त्यागणिक!

त्या यादीत भारतातलं एकही शहर नव्हतं. पण वर्णन वाचताना मला जुन्या पनवेलच्या गल्ल्याच आठवल्या. तिथे स्वर्ग आहे असं नाही. फुटपाथवर स्कूटर असतात, पावसाळ्यात चिखल असतो. पण दहा मिनिटं चाललं की दुकान, देऊळ, ओळखीचं माणूस, काहीतरी लागतंच. पन्नाशीतल्या माणसाला बाहेर काढायला तेवढं कारण पुरतं.

सध्या आई आठवड्यातून चार दिवस रिक्षाने तलावावर जाते, मैत्रिणींबरोबर चालते आणि येताना भाजी आणते. चालायला जायचं आणि तेही रिक्षाने, म्हणून बाबा चिडवतात. रिक्षाचं भाडं आम्ही औषधांच्या खर्चात धरतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पनवेलकडे फ्लॅट बघणाऱ्यांचा उत्साह आणखी वाढला. माझ्या ऑफिसातच असे चार जण आहेत. त्यांना माझी एकच टिप: सॅम्पल फ्लॅट बघून झाला की संध्याकाळी सात वाजता आईबाबांना घेऊन गेटबाहेर पंधरा मिनिटं चाला. दिवे आहेत का, बसायला जागा आहे का, रस्ता ओलांडता येतो का, बघा. मगच टोकनचा चेक फाडा.