तबकडीला न दिसणारा प्राणवायू



के-जेट्रॉनिक बसवलेल्या १९७४ च्या पोर्शे ९११ ला नायट्रस ऑक्साइडची जोड द्यावी का, या प्रश्नाचे उत्तर वायूच्या सामर्थ्यापेक्षा इंजिनाच्या इंधन मोजण्याच्या रीतीत अधिक दडलेले आहे. म्हणून आधी वायूचा आणि मग त्या रीतीचा विचार करणे उचित.

नायट्रस हे इंधन आहे, हा समज चुकीचा आहे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, या वायूत तो ३६ टक्के असतो आणि सिलिंडरमधील उष्णतेने रेणू फुटताच मोकळा होतो. शिवाय बाटलीत सुमारे ५० वातावरणांच्या दाबाखाली द्रवरूपात साठवलेला हा पदार्थ बाहेर पडून वाफ होताना आत जाणारी हवा थंड, म्हणून दाट करतो. दुसऱ्या महायुद्धात विरळ हवेच्या उंचीवर उडणाऱ्या काही जर्मन विमानांना याच कारणाने तो पुरवला जाई. परंतु एक किलो नायट्रसमधील प्राणवायू पुरता वापरला जायचा, तर अंदाजे १०० ग्रॅम पेट्रोल जास्तीचे लागते.

येथेच अडचण उद्भवते. बॉशची के-जेट्रॉनिक ही १९७३ मध्ये प्रचारात आलेली यांत्रिक प्रणाली आहे. आत येणारी हवा एक गोल तबकडी उचलते, तबकडीच्या दांड्याने इंधन-वितरकातील दट्ट्या वर सरकतो आणि त्या प्रमाणात प्रत्येक सिलिंडरकडे पेट्रोल अखंड वाहते. तबकडीच्या पुढे सोडलेला नायट्रस या तराजूवर चढतच नाही, त्यामुळे मिश्रण ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी पडलेले, होते. मग नॉकिंग, अर्थात मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट, सुरू होऊन पिस्टनचा माथा वितळू शकतो.

यावर ‘वेट’ पद्धतीचा, म्हणजे वायूबरोबर पेट्रोलही फवारण्याचा, उपाय सांगितला जातो. पण केवळ हवा वाहण्यासाठी घडवलेल्या नळ्यांत ते पेट्रोल सहा सिलिंडरांत सारखे वाटले जाईलच असे नाही, आणि बॅकफायर झाल्यास, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरल्यास, या मोटारीची प्लास्टिकची हवापेटी फुटते, हे तिचे जुने दुखणे आहे. म्हणून प्रत्येक नळीला झडपेजवळ स्वतंत्र नोझल हवे, ठिणगी नेहमीपेक्षा उशिरा पडावी अशी योजना हवी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याखेरीज वायू सुटू नये असा स्विच हवा.

एवढी सिद्धता आधी करण्याची तयारी नसेल, तर बाटली दुकानातच राहू द्यावी.